बिग सेबल की लिटल सेबल?

लेक मिशिगनच्या पूर्व किनाऱ्यावरची ही दोन दीपगृहं एकमेकांपासून गाडीने तासाभराच्या आत आहेत. वर चढायला दोन्हीकडे 130 पायऱ्या, म्हणजे जिना बघून ठरवण्यात अर्थ नाही. गाडी लावल्यावर किती चालायची तयारी आहे ते बघा.

बिग सेबल (1867) लडिंग्टन स्टेट पार्कमध्ये आहे. पाइन्स कॅम्पग्राउंडजवळून निघणारा वाळू-खडीचा रस्ता जायला जवळजवळ 3 किलोमीटर, यायला तेवढाच. स्वतःची गाडी आत नेता येत नाही, सायकल चालते. नेहमीच्या बाबागाडीची चाकं वाळूत रुततात. तान्हं मूल पाठीवर घेतलेलं बरं. सावली तुटक, तेव्हा पाणी सोबत हवंच. मोसमात ठरावीक दिवशी बस सोडतात. आई-बाबा बरोबर असतील तर त्यातलाच दिवस धरा. मनोऱ्याच्या विटा झडायला लागल्या म्हणून 1900च्या सुमारास त्याला लोखंडी पत्र्याचं कवच चढवलं. काळे-पांढरे पट्टे त्या कवचावर आहेत. शेजारी रखवालदारांचं घरही उभं आहे. दिव्याचं मूळचं भिंग मात्र आता मनोऱ्यात नाही.

मूळचं भिंग जागेवर बघायचं तर लिटल सेबल (1874). दिव्याचा उजेड एकवटून दूरवर फेकणारं तिथलं फ्रेनेल भिंग (आकाराने तिसऱ्या श्रेणीचं) अजून मनोऱ्यातच आहे. पांढरा रंग 1977 मध्ये खरवडून काढल्यापासून मनोरा लाल विटांचाच दिसतो. रखवालदारांचं घर 1950च्या दशकात पाडलं, त्यामुळे वाळूवर तो एकटाच. पार्किंगपासून काही मिनिटांची चाल. गोम पार्किंगचीच आहे: जागा थोडी, आणि उन्हाळी शनिवार-रविवारी लवकर भरते. सकाळीच पोचा.

लहान मुलं, दुखरे गुडघे किंवा हातात दोनच तास असतील तर लिटल. अर्धा दिवस मोकळा आणि पायांत दम असेल तर बिग. टेकाडांमधून जाणारी ती वाटच निम्मी सहल आहे.

चढायचं तिकीट वेगळं. गाडीला मिशिगनचा रिक्रिएशन पासपोर्ट, म्हणजे स्टेट पार्कांचा प्रवेश-पास, दोन्हीकडे लागतो, इलिनॉयची नंबरप्लेट असेल तर बाहेरच्यांचा दर. वीज-वादळात चढणं बंद ठेवतात. शिकागोहून येणाऱ्यांचं गणित हमखास चुकतं ते घड्याळात: मिशिगन एक तास पुढे आहे आणि मनोरे संध्याकाळी 5 च्या सुमारास बंद होतात. जूनअखेरचा सूर्यास्त साडेनऊच्या आसपास, म्हणजे तो खालूनच बघायचा. बिग सेबलला थांबलात तर परतीची वाट अंधारात, टॉर्च घ्या. पोहायचं असेल तर आधी पाणी किती धोक्याचं ते सांगणाऱ्या झेंड्याचा रंग बघा, कारण इथल्या स्टेट पार्कांच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात.