कारखान्याचा सर्व्हर आणि घरचा डेस्कटॉप: कोणासाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम?

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, आणि तेव्हापासून नाशिकमधील छोटे कारखानदार, कर सल्लागार व घरगुती वापरकर्ते मला एकच प्रश्न विचारत आहेत: विंडोज ११ घ्यावी की लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळावे? माझ्या मते सर्व्हरसाठी आणि डेस्कटॉपसाठी हा प्रश्न वेगवेगळा विचारला पाहिजे. सर्व्हर निवडताना तो किती वर्षे विनातक्रार चालेल हे पाहायचे असते. डेस्कटॉप निवडताना समोर बसणाऱ्या माणसाचे रोजचे काम कोणत्या प्रोग्रॅमवाचून अडते, हे.

अंबड एमआयडीसीतील बारा-पंधरा संगणकांच्या वर्कशॉपला ड्रॉइंगच्या फायली एका जागी ठेवण्यासाठी सर्व्हर हवा असेल, तर मी लिनक्सच्या प्रकारांपैकी डेबियन किंवा उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती सुचवतो. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या उबुंटू २४.०४ ला पाच वर्षे सुरक्षा-अपडेट मिळतात, परवान्याचा खर्च नसतो आणि सांबा हा फोल्डर वाटून देणारा प्रोग्रॅम बसवला की विंडोजच्या मशीनवर तेच फोल्डर नेहमीच्या ड्राइव्हसारखे दिसते. याउलट विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजला जातो, तो किमान १६ कोअरचा घ्यावा लागतो, आणि वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा मशीनसाठी ‘कॅल’ (सर्व्हर वापरण्याचा परवाना) वेगळा. तरीही चार-पाच जणांना रिमोट डेस्कटॉपवरून एकाच टॅलीवर काम करायचे असेल किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची खाती व परवानग्या एका जागी सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) हवीच असेल, तर हा खर्च रास्त आहे.

वेबसाइटच्या सर्व्हरसाठी अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स हे लिनक्सचे प्रकारही चांगले, कारण त्यांच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला दहा वर्षांचा आधार असतो. मात्र सेंटओएस या त्याच घराण्यातील लिनक्सचा अनुभव विसरू नये: सेंटओएस ८ ची अपडेट २०२९ पर्यंत मिळतील असे धरून अनेकांनी ती बसवली, पण डिसेंबर २०२० मध्ये निर्णय फिरला आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी ती बंद झाली. म्हणून आवृत्तीच्या नावापेक्षा तिच्यामागे कोण उभे आहे, हे आधी पाहावे. वीज अचानक जाण्यावर मात्र यांपैकी कशातच उत्तर नाही. डिस्कवर फायली मांडण्याच्या एक्स्ट४ (लिनक्सची) आणि एनटीएफएस (विंडोजची) या दोन्ही पद्धती जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवतात, तरी अर्धवट लिहिलेली फाईल त्यामुळे वाचत नाही, तेव्हा यूपीएसचे पैसे आधी बाजूला काढावेत.

डेस्कटॉपचे गणित वेगळे. टॅलीप्राइम, ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्सवर पोट असेल, तर विंडोज ११ घ्यावी. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ब्राउझर, ईमेल आणि पत्रलेखन एवढेच काम असेल, तर त्या अटीत न बसणारे जुने मशीन भंगारात देण्याचे कारण नाही. त्यावर लिनक्स मिंट २२ बसवावे, तिला २०२९ पर्यंत आधार आहे.

खरी अडचण मराठीची येते. गंगापूर रोडवरील एका सोसायटीच्या सचिवांच्या लॅपटॉपवर मी मिंट बसवले, आणि त्यांनी लिब्रेऑफिसमध्ये जुना ठराव उघडताच पडद्यावर रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची सरमिसळ दिसली. ठराव कृतिदेवमध्ये होता, आणि त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांनाच देवनागरीचे रूप दिलेले असते. जुन्या मशीनवरची फॉन्टची फाईल आणून बसवल्यावर मजकूर परत दिसू लागला, पण नवे लेखन युनिकोडमध्ये (विशिष्ट फॉन्टवर न अडणाऱ्या प्रमाण पद्धतीत) करण्याचा आग्रह मी धरला. इनस्क्रिप्टचा कळफलक विंडोज आणि मिंट दोन्हींत मिळतो, त्यामुळे एकदा बोटांना सवय झाली की मशीन बदलले तरी ती वाया जात नाही.

मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, त्यात हार्ड डिस्कला हात लागत नाही. तसे चालू असतानाच वाय-फाय जोडावे, प्रिंटरवर एक पान काढावे आणि जीएसटीचे विवरणपत्र डीएससीने (डिजिटल सहीने) भरत असाल, तर त्या सहीच्या पेनड्राइव्हसारख्या टोकनचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर उपलब्ध आहे का, याची विक्रेत्याकडे चौकशी करून मगच जुनी विंडोज पुसावी.