मुलासाठी कोणती प्ले थेरपी निवडावी?

"शाळेत काय झालं?" या प्रश्नावर सहा वर्षांची मुलगी "काही नाही" म्हणते आणि संध्याकाळी भातुकलीतली बाहुली कपाटात कोंडते. मनातलं सांगायला या वयात शब्द अपुरे पडतात. म्हणून साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांशी समुपदेशक खेळातून बोलतात; हीच प्ले थेरपी. तो खेळ कोणी ठरवायचा, यावरून पद्धती वेगळ्या होतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत खेळ मूल ठरवतं. "हा कोणता प्राणी?" असं त्याने विचारलं, तर "तुला वाटेल तो." वाघाने पिल्लू खाल्लं तर समुपदेशक रागावत नाही, उपदेशही करत नाही, "पिल्लू खूप घाबरलंय," एवढंच म्हणतो. नियम मोजकेच: उशी बडव, पण माणसाला मारायचं नाही. यात महिने जाऊ शकतात आणि बाहेर बसलेल्या आईबाबांना वाटतं, आत नुसता खेळच चाललाय. तरीही घरातला मृत्यू, घटस्फोट किंवा कारण न कळणारी चिडचिड असेल, तर मी हीच पद्धत सुचवेन.

दुसऱ्या पद्धतीत समुपदेशक खेळ योजतो. इंजेक्शनची भीती असेल तर आधी टेडीला खोटी सुई, टेडीचा दीर्घ श्वास, मग मुलाचा. नेमक्या भीतीसाठी ही बरी. मुळात काय दुखतंय हेच माहीत नसेल, तर मात्र नेम चुकतो.

तिसरा पर्याय आपल्याकडे फारसा विचारात घेतला जात नाही. १९६० च्या दशकात बर्नार्ड आणि लुईस गर्नी या मानसशास्त्रज्ञांनी पालकांनाच पहिल्या पद्धतीचा, मूल ठरवेल तसा खेळ शिकवायला सुरुवात केली. आठवड्यातून अर्धा तास, मोबाइल बाजूला. नातं ताणलेलं असेल तर हे फार उपयोगी. मूल त्याच पालकाला घाबरत असेल तर अजिबात नको.

बोलणं उशिरा येत असेल तर प्ले थेरपीसाठी स्पीच थेरपी थांबवू नका.

आणि बाहुली कोंडली म्हणजे मुलीला कोणी कोंडलंच, असा अर्थ काढू नका. एका खेळावरून छातीठोक निष्कर्ष सांगणाऱ्या समुपदेशकापासून दूर राहा. पहिल्या भेटीतच विचारा: प्रशिक्षण कुठे झालं, तुमच्या कामावर कोणा ज्येष्ठांची देखरेख आहे का, आणि मुलाच्या खेळातलं आम्हाला किती सांगाल?