रोज बारा हजार शंभर सातोशी: एका क्लाउड मायनिंग सेवेचा अनुभव

मी पेशाने हिशेबनीस. फेब्रुवारी 2021 मध्ये एका क्लाउड मायनिंग सेवेकडून, म्हणजे बिटकॉइन कमावणारी यंत्रं दुरून भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून, 20 टेराहॅशचा (सेकंदाला 20 लाख कोटी आकडेमोडी करण्याच्या ताकदीचा) वर्षभराचा करार घेतला, आणि खोड जात नाही म्हणून रोज किती सातोशी (एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी) जमा झाले तो आकडा वहीत उतरवू लागले. आधी चांगलं ते सांगते. साइट देखणी होती, एप्रिलमध्ये काढलेली पहिली रक्कम तासाभरात वॉलेटमध्ये आली. मदत केंद्रातला मुलगा इतका गोड बोलायचा, की मी आणखी दोघींना करार घ्यायला लावणार होते. नशीब त्यांचं, त्यांना वेळ नव्हता.

मग चीनची कारवाई सुरू झाली. 21 मे 2021 ला तिथल्या राज्य परिषदेच्या समितीने मायनिंगवर आणि व्यापारावर लगाम घालायचं जाहीर केलं. जूनमध्ये सिचुआनमधल्या मायनिंग केंद्रांची वीज तोडली गेली. जगातली जवळपास निम्मी यंत्रं काही आठवड्यांत थंडावली. आमची यंत्रं मात्र, सेवेच्या पानावर लिहिल्याप्रमाणे, दुसऱ्याच एका थंड देशात होती. बर्फातल्या गोदामाचा फोटोसुद्धा होता.

बिटकॉइनची डिफिकल्टी, म्हणजे नवा ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) जोडून बक्षीस मिळवणं किती अवघड आहे त्याचं माप, दर 2,016 ब्लॉकनंतर बदलते. यंत्रं कमी झाली की ती उतरते आणि उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं. 3 जुलैला ती जवळपास 28 टक्क्यांनी उतरली. एका फेरीत एवढी घसरण त्याआधी कधीच झाली नव्हती. ब्लॉकचं 6.25 बिटकॉइनचं बक्षीस धरून 20 टेराहॅशचा हिशेब मांडला, तर शुल्कापूर्वी साधारण 12,600 सातोशी मिळायचे ते 17,500 व्हायला हवेत. म्हणजे चीनबाहेर यंत्रं असणाऱ्याची दिवाळी! मी उत्सुकतेने वही उघडली.

12,100. आदल्या दिवशी 12,100. मे महिन्यात डिफिकल्टी शिखरावर होती तेव्हाही 12,100.

खऱ्या यंत्राचा आकडा असा कधी बसून राहत नाही. मी लगेच सगळं काढून घ्यायचा अर्ज टाकला. तीन आठवडे 'प्रलंबित'. मग मेल आला: 'काही देशांतील सरकारी निर्बंधांमुळे' पैसे काढणं तात्पुरतं थांबवलं आहे. कोणता देश, कोणता आदेश, कुठल्या तारखेपर्यंत, काहीच नाही. मी विचारलं, आपली यंत्रं तर बर्फात आहेत ना? गोड मुलगा त्यानंतर गप्प झाला.

सरकारच्या बडग्याने धंदा बंद होतो तो कसा, हे एक्सचेंजांच्या, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांच्या, बाबतीत दिसलेलं आहे. सप्टेंबर 2017 मध्ये चीनने आयसीओवर (नवी क्रिप्टो नाणी विकून पैसे उभारण्यावर) बंदी आणली आणि एक्सचेंजांवरही बडगा आला. बीटीसीसी या तिथल्या एक्सचेंजने महिनाअखेरीस व्यवहार थांबवायची तारीख दिली आणि ग्राहकांना आपलं काढून न्यायला वाव ठेवला. 2021 च्या सप्टेंबरात चीनच्या मध्यवर्ती बँकेने क्रिप्टोचे सगळे व्यवहार बेकायदा ठरवले, तेव्हा हुओबी या एक्सचेंजनेही चीनमधली जुनी खाती वर्षअखेरपर्यंत बंद करण्याचं वेळापत्रक दिलं. माझ्या सेवेने दिली ती फक्त सबब, आणि तीही दुसऱ्याच्या घरच्या आगीची.

नोव्हेंबर 2022 मध्ये हॅशफ्लेअर या दुसऱ्या एका क्लाउड मायनिंग सेवेच्या संस्थापकांना एस्टोनियात अटक झाली. अमेरिकी आरोपपत्राप्रमाणे, विकलेल्या ताकदीच्या एक टक्काही मायनिंग तिथे होत नव्हतं. ती बातमी वाचताना मला माझी वही आठवली. आता कोणी करार घेऊ का विचारलं, तर मी एवढंच सांगते, की डिफिकल्टी बदलली त्या दिवसाच्या मागचे-पुढचे आकडे आधी बघ. ते सारखेच असतील तर पुढचं बोलणंच नको.

तारे? एक. तो पहिल्या वेळी मिळालेल्या रकमेसाठी.

करार फेब्रुवारी 2022 मध्ये संपला. साइट एप्रिलपर्यंत उघडत होती, आणि माझ्या संपलेल्या करारावर रोज 12,100 जमा होतच होते.