सिरिल: आठ महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर सिरिल हे आकाशाचे फोटो प्रोसेस करायचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. तेव्हापासून दीर्घिकांचे फोटो त्यातच प्रोसेस करतोय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि शिकणाऱ्याने सुरुवातीला दुसरं काही विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पहिले दोन महिने मात्र फार जड गेले.

माझं सामान साधं: २४ मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर, २०० मिमीची लेन्स, ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा छोटा ट्रॅकर. देवलापारजवळ मामेभावाच्या शेतावरून नोव्हेंबरात देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेच्या ६० सेकंदांच्या १२० फ्रेम घेतल्या. घरी येऊन सगळ्या फ्रेम जुळवून एक फोटो करणारी सिरिलची स्क्रिप्ट चालवली तर अर्ध्यातच डिस्क भरली. रंगीत ३२ बिटमध्ये एकेक फ्रेम जवळपास २९० एमबीची होते, आणि कॅलिब्रेट केलेल्या (कॅमेरा-लेन्सचे दोष काढलेल्या) व जुळवलेल्या अशा दोन प्रती बनतात. शंभर जीबी मोकळी ठेवूनच बसा.

दुसरा धक्का ऑटोस्ट्रेचचा, म्हणजे अंधारा फोटो आपोआप उजळून दाखवण्याचा. पडद्यावर दीर्घिका झळकत होती, जेपीजी सेव्ह केली तर काळीकुट्ट! ऑटोस्ट्रेच फक्त दाखवण्यापुरता असतो, आतला डेटा लिनिअरच, म्हणजे न उजळलेलाच राहतो. खरं स्ट्रेचिंग आपल्यालाच करावं लागतं. त्यासाठी सिरिलमधलं जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच हे साधन शिकाच. गाभा न जाळता भुजा वर काढता येतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बॅकग्राउंड, म्हणजे आकाशात मिसळलेला दिव्यांचा उजेड काढण्यात. शेताजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा (अंधारं आकाश जपणाऱ्या जागेचा) दर्जा मिळाला, देशात पहिलाच. तरी त्याच्या आसपासही हायवेचा आणि गावांचा उजेड फोटोच्या एका कोपऱ्यात उतरतोच. मी आपोआप सॅम्पल, म्हणजे आकाशाचा उजेड मोजायचे चौकोन, पाडून ‘लागू करा’ दाबलं, आणि दीर्घिकेभोवती काळी कडा उमटली. देवयानी आकाशात सहा पूर्णचंद्रांएवढी लांब पसरलेली आहे. तिचा बाहेरचा पुसट भाग डोळ्यांना आकाशच वाटतो. तिथे पडलेल्या सॅम्पलमुळे सिरिलने २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड शहराचा समजून वजा करून टाकला. आता मी त्या भागातला एकेक चौकोन राइट क्लिक करून काढतो. पंधरा मिनिटं जातात, पण फोटो तिथेच घडतो.

फ्लॅटचं (धुळीचे डाग घालवायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) मात्र कोणतंही सॉफ्टवेअर सावरून घेत नाही. मी लेन्स काढून बॅगेत ठेवली आणि फ्लॅट दुसऱ्या दिवशी घरी घेतले. धुळीचे डाग जुळलेच नाहीत, उलट दुप्पट झाले. आता फोकसला हात न लावता, पहाटे शेतातच लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून घेतो.

रंगांच्या बाबतीत तक्रार नाही. प्लेट सॉल्व्ह झालं, म्हणजे फोटो आकाशाच्या कुठल्या भागाचा ते ओळखलं, की फोटोतले तारे कॅटलॉगशी ताडून ते रंग जुळवतं. माझ्या नजरेपेक्षा त्याच्यावर माझा जास्त भरवसा आहे.

आता पावसाळ्यामुळे सप्टेंबरपर्यंत आकाश बंद. जेवणं झाली की नोव्हेंबरचाच डेटा पुन्हा उघडतो. परवा सातव्यांदा स्ट्रेच करताना दीर्घिकेतल्या धुळीचा दुसरा पट्टा सुटा दिसला. बायकोला हाक मारून दाखवला.