ईशज्ञान ऑनलाइन शिकावं की वर्गात बसून?

धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) धर्मगुरूंच्या खांद्याला खांदा लावून जबाबदारी घ्यायची आहे, त्यासाठी ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकायचं आहे, पण नोकरी आणि संसार मागे ठेवून कुठे राहायला जाणं शक्य नाही. अशा पेचात असलेल्या प्रापंचिकांसाठी, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्या कॅथलिकांसाठी, हे लिहीत आहे.

आधी एक संकोच दूर करू. ईशज्ञान म्हणजे फक्त धर्मगुरू होणाऱ्यांचा विषय, हा समज अजून पुष्कळांच्या मनात आहे. पण कॅनन कायद्यातलं, म्हणजे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या 1983च्या कायद्यातलं, 229वं कलम प्रापंचिकांना ख्रिस्तसभेच्या विद्यापीठांत शिकण्याचा आणि पदवी घेण्याचा हक्क देतं. म्हणजे इथे कुणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही.

नुसत्या ज्ञानाच्या बाबतीत ऑनलाइन शिक्षण कुठेही कमी पडत नाही. बायबलचं विवेचन, ख्रिस्तसभेचा इतिहास, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दस्तऐवज, कॅनन कायदा हे सगळं घरी बसून उत्तम शिकता येतं. उलट कठीण व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकायची सोय वर्गात नसते. फी आणि प्रवासाचा हिशेबही बहुतेकदा ऑनलाइनच्या बाजूने झुकतो. ग्रंथालय मात्र निवासी संस्थेचंच हाताशी असतं. ऑनलाइन अभ्यासक्रम घेताना डिजिटल ग्रंथालय मिळणार का, हे आधी विचारून घ्या.

खरा फरक पुढे आहे. कॅनन कायद्याच्या कलम 537 प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती हवीच, आणि कलम 536 प्रमाणे पाळकीय समितीला (धर्मग्रामाच्या सेवाकार्याचा विचार करणाऱ्या समितीला) फक्त सल्ला देता येतो. हे वाचून समजायला दहा मिनिटं पुरतात. पण समितीचं म्हणणं एक आणि धर्मगुरूंचं दुसरं, अशा वेळी कटुता न आणता कसं बोलायचं, कधी आग्रह धरायचा, कधी थांबायचं, हे कुठल्याही व्हिडिओतून येत नाही. त्यासाठी माणसं लागतात, आणि वेगवेगळ्या जबाबदाऱ्या असलेली माणसं लागतात.

म्हणून निवासी म्हणजे चांगलं आणि ऑनलाइन म्हणजे दुय्यम, ही विभागणी मला मान्य नाही. ज्या निवासी वर्गात फक्त धर्मगुरुपदाचे उमेदवार बसतात, तिथे सामूहिक नेतृत्वाचा सराव होणार कुणाबरोबर? याउलट एखाद्या ऑनलाइन वर्गात धर्मभगिनी, डीकन (धर्मगुरूंच्या आधीच्या पायरीचे दीक्षित सेवक), दोन मुलांची आई आणि पंचवीस वर्षं सेवा केलेले धर्मगुरू एकाच चर्चेत असू शकतात. बिशपांच्या सिनडच्या (रोममधल्या सभेच्या) 2024च्या अंतिम दस्तऐवजाने नेमकं हेच मागितलं आहे: प्रापंचिक, व्रतस्थ आणि दीक्षित सेवक यांनी एकत्र प्रशिक्षण घ्यावं. पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज लगेच प्रसिद्ध करायला मंजुरी दिली. वर्ग कुठे भरतो यापेक्षा वर्गात कोण आहे, हे मी आधी पाहीन.

पण अशा वर्गासाठी ठरलेल्या वेळी समोरासमोर बोलणारा गट हवा. आपापल्या सवडीने व्हिडिओ पाहून प्रश्नमंजूषा सोडवायचे लघु अभ्यासक्रम धर्मशिक्षण देणाऱ्यांना किंवा नुसती चाचपणी करणाऱ्यांना उपयोगी आहेत. नेतृत्वाची तयारी म्हणून ते अपुरे पडतात.

निवासी शिक्षणाची एक बाजू ऑनलाइनला भरून काढता येत नाही. रोजची मिस्सा, एकत्र प्रार्थना, जेवणाच्या टेबलावरची चर्चा यांतून माणूस नकळत घडत जातो. 1992 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी धर्मगुरूंच्या घडणीची मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि पाळकीय अशी चार अंगं सांगितली. प्रापंचिकांनाही ती मला तितकीच लागू वाटतात, आणि पडद्यावरून त्यातलं बौद्धिक अंगच पूर्णपणे हाती येतं. म्हणून ऑनलाइन शिकणाऱ्याने जवळपासचे आध्यात्मिक मार्गदर्शक आधीच शोधावेत. पाळकीय सरावाच्या बाबतीत मात्र ऑनलाइन विद्यार्थ्याची बाजू वरचढ ठरू शकते, कारण तो आपल्याच धर्मग्रामात असतो. सकाळी शिकलेलं संध्याकाळी आजारी माणसाच्या घरी किंवा समितीच्या बैठकीत वापरून पाहता येतं. अट एवढीच की कामावर देखरेख करणारी आणि नंतर त्यावर बोलणारी अनुभवी व्यक्ती अभ्यासक्रमाने नेमलेली हवी.

पदवीचा विचार वेगळा करा. कॅनॉनिकल पदवी, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसारची पदवी, फक्त व्हॅटिकनची मान्यता असलेली संस्थाच देऊ शकते. ईशज्ञानातल्या पहिल्या टप्प्याला तत्त्वज्ञान धरून साधारण पाच वर्षं, त्यापुढच्या लायसेन्शिएट या पदवीला दोन वर्षं लागतात. पुढे ईशज्ञान शिकवायचं असेल तर हाच रस्ता धरा आणि त्यातला किती भाग प्रत्यक्ष हजर राहून करावा लागतो, ते संस्थेकडून लेखी घ्या. धर्मग्रामातच काम करायचं असेल तर अनेकदा बिशपांच्या कार्यालयाने मान्य केलेलं प्रमाणपत्र पुरतं.

माझी पसंती विचाराल तर मिश्र अभ्यासक्रमाला: आठवड्याला थेट ऑनलाइन वर्ग आणि वर्षातून काही दिवस एकत्र निवास. तो नसेल तर थेट वर्ग असलेला ऑनलाइन. पैसे भरण्याआधी एक वर्ग बसून पाहू द्या म्हणावं, आणि त्याच आठवड्यात आपल्या धर्मगुरूंना भेटून विचारावं: हा अभ्यास चालू असताना धर्मग्रामातलं कोणतं काम माझ्यावर सोपवाल?