निऑस एरा घेतली, मग स्पोर्ट्झ चालवली : ७ महिने, ९,८०० किमी नंतरचं मत

दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबर २०२४ ला, ह्युंदाई ग्रँड आय-१० निऑस घरी आणली. बेस मॉडेल एरा, पेट्रोल मॅन्युअल, पांढरा रंग. आमच्या घरातली पहिली चारचाकी. गाडी घ्यायच्या आधी दोन महिने मी रोज रात्री हाच प्रश्न घेऊन बसायचो की एरा घ्यावी की त्याच गाडीचं वरचं, महागडं मॉडेल स्पोर्ट्झ, आणि तेव्हा सात-आठ महिने वापरून झालेल्या माणसाचं सविस्तर मत कुठे मिळालं नाही, म्हणून आता मीच लिहितोय. लांबलंय, पण ज्याचे पैसे अडकणार आहेत तो वाचेल.

मी अकोल्याला राहतो, नोकरी मूर्तिजापूरला. आठवड्यातून तीन-चार दिवस गाडीने जातो, बाकी दिवस रेल्वे. महिन्यातून एकदा शेगाव, दोनदा अमरावती, कारण ताई तिकडे असते. घरी मी, बायको, आई-बाबा. हे आधी सांगतोय कारण पुढचं सगळं यावरच आहे.

पहिली गोष्ट, स्पोर्ट्झ नाव ऐकून ती जास्त पळते असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. दोन्हीत तेच १.२ लिटरचं चार सिलिंडरचं ‘कप्पा’ नावाचं इंजिन, ताकद ८३ पीएस, टॉर्क म्हणजे ओढ ११३.८ एनएम, तोच पाच गिअरचा बॉक्स. भाऊजींकडे, म्हणजे ताईच्या मिस्टरांकडे, स्पोर्ट्झ आहे, ती मी गेले तीन आठवडे चालवतोय, डोळे मिटून बसवलं तर इंजिनवरून फरक ओळखता येणार नाही. ॲव्हरेजही सारखंच, माझं टाकी फुल टू फुल मोजून लिटरला साडेअठरा किलोमीटर येतंय, हायवेला शांतपणे ८० ने गेलं तर २० च्या वर. इंजिन फार गुळगुळीत आहे, सिग्नलला उभं असताना चालू आहे की बंद ते कळत नाही, आणि हे सुख बेसवाल्यालाही तेवढंच मिळतं.

दुसरी गोष्ट सेफ्टी. या मुद्द्यावर निश्चिंत होतो म्हणूनच एरा घेतली आणि त्याबद्दल आजही समाधानी आहे. सहा एअरबॅग एरामध्येही येतात, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आणि मागचे पार्किंग सेन्सर तर कायद्यानेच सगळ्या गाड्यांना आहेत. म्हणजे स्वस्तातली घेतली म्हणून जिवाशी खेळ केला असं होत नाही. पूर्वी बेस मॉडेल म्हणजे एअरबॅगच नाही अशी परिस्थिती होती, तेव्हा मी कोणालाच बेस घ्या म्हटलं नसतं.

आता पैसे. एक्स शोरूमचा, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स सोडून नुसत्या गाडीच्या किमतीचा, फरक मी घेतली तेव्हा दीड लाखाच्या जवळपास होता, पण तिथेच थांबू नका. महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, तो या फरकावरही लागतो, म्हणजे सोळा-सतरा हजार तिथेच वाढले. इन्शुरन्समधला थर्ड पार्टीचा भाग दोन्हीला सारखा, कारण तो सीसीवर, म्हणजे इंजिनच्या आकारावर ठरतो, पण ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग गाडीच्या किमतीवर असतो त्यामुळे तोही थोडा चढतो. सगळं धरून ऑन रोड तेव्हा एक लाख सत्तर हजाराच्या आसपास फरक पडत होता. पाच वर्षांच्या लोनवर ९ टक्क्याने महिन्याला साधारण साडेतीन हजार. मी तेव्हा हा साडेतीन हजाराचा आकडा वहीत लिहिला, त्याच्याखाली आईची औषधं, बाबांचं मेडिक्लेम लिहिलं आणि एरा बुक केली.

शोरूमबद्दल एक सांगतो, नाव नको. टेस्ट ड्राइव्हला जी गाडी मिळाली ती टॉप मॉडेल होती. एरा उभी करून दाखवा म्हटलं तर स्टॉकला नाही म्हणाले, फोटो दाखवला. म्हणजे मी जी गाडी घेतली तिच्या मागच्या सीटवर मी डिलिव्हरीच्या दिवशी पहिल्यांदा बसलो, तेही ऑक्टोबरात संध्याकाळी. माझी खरी चूक ही. गाडी घेताना जो माणूस चालवणार असतो तोच सगळं बघतो, स्टिअरिंग धरून बघतो, क्लच बघतो, आणि जी माणसं मागे बसणार असतात ती घरी असतात.

हिवाळाभर काहीच त्रास नव्हता. एराला म्युझिक सिस्टीम नसते, मागच्या काचा हाताने फिरवायच्या, आरसे हाताने लावायचे, हे माहीत असूनच घेतली होती. बाहेरून करून घेऊ, अर्ध्या पैशात होतं, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. नोव्हेंबरात एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून अँड्रॉइड स्टिरिओ, चार स्पीकर, मागचा कॅमेरा, सीट कव्हर, मॅट असं सगळं बसवून घेतलं, ३८ हजार गेले. आवाज चांगला आहे, तक्रार नाही. पण त्या पोराने कॅमेऱ्यासाठी कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) न वापरता वायर सोलून जोड दिला आणि वर टेप गुंडाळली. जानेवारीत पहाटे पाचला शेगावला निघालो, आई-बाबा गाडीत बसलेले, आईच्या हातात प्रसादाची पिशवी, आणि चावी फिरवली तर नुसतं टक टक. बॅटरी उतरलेली. शेजाऱ्यांना उठवून जंपर लावून चालू केली. नंतर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने शोधलं, गाडी बंद केल्यावरही तो जोड करंट खात होता. नवीन गाडीला ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी आहे, पण कंपनीची वायर कापली की इलेक्ट्रिकलच्या बाबतीत तुम्ही वादात सापडता. तेव्हा एरा घेऊन बाहेरून काम करणार असाल तर एवढं करा, दुकानात स्वतः उभे राहा आणि वायर कापायची नाही, कपलरच पाहिजे असं आधी ठणकावून सांगा, दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील.

आणि मग एप्रिल आला.

अकोल्याचा एप्रिल ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको, पारा ४४ च्या आसपास, दुपारी हँडलला हात लावला की चटका बसतो. त्यात एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात अमरावतीला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नंतर दर आठवड्याला दाखवायला न्यायचं, डॉक्टरांची वेळ दुपारची. पाय लांब ठेवायचा म्हणून आई मागच्या सीटवर आडवी बसायची, पाठ एका दाराला, पाय सीटवर, खाली उशी. एराचा एसी पुढे जोरदार आहे, दहा मिनिटांत माझे हात गार पडतात. पण एराला मागे व्हेंट, म्हणजे एसीची हवा येणाऱ्या जाळ्या, नाहीत. पुढची हवा दोन सीटच्या मधून जेवढी जाईल तेवढी जाते, आणि आई तर सीटच्या पाठीच्या आडोशाला. मी पुढे बसून विचारायचो, गार लागतंय का गं, ती म्हणायची, लागतंय रे बाबा, चालव तू. बडनेराजवळ एकदा थांबलो आणि मागचं दार उघडलं तर तिने ओला नॅपकिन मानेवर ठेवलेला, ब्लाऊज पाठीला चिकटलेला, आणि एका हाताने काचेचं हँडल फिरवायचा प्रयत्न चाललेला, तिचा उजवा खांदा आधीच आखडलेला आहे, अर्ध्यावर हात थांबायचा. मला विचारायला नको म्हणून गपचूप करत होती. ते बघून माझं मन मला फार खाऊ लागलं. एसीत खोट नाही, गाडीतही नाही, मी घरची माणसं न बघता गाडी निवडली.

ताईला कळलं तशी भाऊजी दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी घेऊन अकोल्याला आले. म्हणाले, आईंचं येणं-जाणं संपेपर्यंत ही ठेवा, तुमची मी वापरतो, मी तर एकटाच असतो. तेव्हापासून स्पोर्ट्झ आमच्याकडे आहे, पंधराशेच्या वर किलोमीटर झाले.

फरक सांगतो. मागे मधोमध दोन व्हेंट आहेत, एक सरळ आईकडे वळवून ठेवलाय. पहिल्याच फेरीत मूर्तिजापूर यायच्या आत तिने पदर अंगावर ओढून घेतला. मागच्या काचा बटणावर, खांदा हलवायला नको. बस, माझ्यासाठी एक लाख सत्तर हजाराचा हिशोब इथेच फिटला. बाकीचं म्हणजे आठ इंचाची स्क्रीन छान आहे, पण माझी ३८ हजारातली सोय साधारण तेच करते. कंपनीचा कॅमेरा रात्री जास्त स्वच्छ दिसतो. आरसे बटणावर असणं मला किरकोळ वाटायचं, पण रविवारी बायको गाडी नेते आणि एरात प्रत्येक वेळी डावा आरसा लावायला तिला पूर्ण आडवं व्हावं लागतं, ते वाचलं. क्रूझ कंट्रोल, म्हणजे पाय न देता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय, भाऊजींना फार आवडतं. अमरावती-अकोला हायवे, तोच ज्याचं ७५ किलोमीटर डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीजमध्ये नाव गेलं, त्यावर ८० ला लावलं की पायाला आराम मिळतो. मला मात्र आपल्याकडे मधेच गुरं, मधेच उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, यामुळे पाय मोकळा ठेवायला भीती वाटते, त्यामुळे मी दोनदाच लावलं.

एक गोष्ट एराची सरस, आणि ती कोणी सांगत नाही. टायर. एराला १६५/७० आर १४, स्पोर्ट्झला १७५/६० आर १५. पूर्ण चाकाची उंची जवळपास सारखीच, पण एराच्या टायरची रबराची भिंत साडेअकरा सेंटीमीटर येते आणि स्पोर्ट्झची साडेदहा. एक सेंटीमीटर म्हणजे काय एवढं असं वाटेल, पण मामांच्या गावाचा शेवटचा चार किलोमीटर रस्ता फुटलेला आहे, तिथे एरा खड्डे गिळत जाते आणि स्पोर्ट्झमध्ये तोच खड्डा कमरेला कळतो. हायवेवर उलट, स्पोर्ट्झ वळणाला जरा घट्ट बसते. रोज कच्च्या रस्त्याने शेतावर जाणाऱ्याने एराचे १४ इंची टायर नुसते दिसायला बारीक म्हणून नाकारू नयेत, आणि एरा घेऊन लगेच मोठे टायर-अलॉय टाकायच्या भानगडीत तर अजिबात पडू नये.

एरा आणि स्पोर्ट्झच्या मधलं मॅग्ना हे मॉडेल पण आहे. मी तेव्हा एरा की स्पोर्ट्झ यातच अडकलो आणि तिच्याकडे बघितलंच नाही, तुम्ही ब्रोशरमध्ये तिचा रकाना ओळ न् ओळ वाचा.

जो एकटा किंवा दोघं फिरतात, मागची सीट महिन्यातून एकदा भरते, त्याने बिनधास्त एरा घ्यावी, मी स्वतः मूर्तिजापूरला एकटा जातो तेव्हा मला एका गोष्टीची उणीव जाणवत नाही. घरात मागे बसणारं म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू असेल आणि तुम्ही विदर्भात राहत असाल तर साडेतीन हजाराचा हप्ता कसाही बसवा, नाही बसला तर सहा महिने थांबा. स्टिरिओ बाहेरून लागतो, कॅमेरा लागतो, मागच्या काचांना मोटरसुद्धा बसवून मिळते, पण मागचे व्हेंट कोणताही दुकानदार कंपनीसारखे बसवून देत नाही. मी तीन ठिकाणी विचारून आलोय, सगळ्यांनी १२ व्होल्टचा छोटा पंखाच दाखवला. आणि शोरूमला जाताना दुपारी दोनला जा, आईला सोबत न्या, तिला मागे बसवा, एसी लावून दहा मिनिटं गाडी फिरवा, ज्या व्हेरियंटचे पैसे देणार तोच मागा, दुसऱ्या गावच्या शोरूममध्ये जावं लागलं तरी जा.

माझी एरा मी विकणार नाही, निदान लोन अर्धं होईपर्यंत तरी. पंखा आणलाय, ड्रायव्हर सीटच्या मागच्या बाजूला क्लिपने लावून बघितला, पुढची गार हवा मागे ढकलतो, पूर्वीपेक्षा बरं आहे. आईचं शेवटचं दाखवणं पुढच्या गुरुवारी आहे, त्यानंतर भाऊजींची गाडी परत करायची. आईला अजून सांगितलेलं नाही, ती काल बाबांना सांगत होती की या गाडीत झोप लागते.