नागपुरात पहिला पीसी जोडताना: एएम४, एएम५ की इंटेल, आणि मे महिन्याचं काय?

पहिल्यांदा सुटे भाग घेऊन पीसी जोडणाऱ्याचा निम्मा वेळ एकाच वादात जातो, प्रोसेसर इंटेलचा की एएमडीचा. सहा कोअरच्या, म्हणजे सहा स्वतंत्र गणन-भाग असलेल्या प्रोसेसरच्या वर्गात हा वाद मला सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. दोन्हीकडचे प्रोसेसर कॉलेजचा अभ्यास, कोडिंग, व्हिडिओ एडिटिंग आणि रात्रीचे गेम आरामात पेलतात. मशीन नागपुरात पाच-सात वर्षं टिकेल की नाही, हे ठरवतात एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट आणि मदरबोर्ड (सगळे भाग जिथे जोडले जातात तो मुख्य बोर्ड). बजेट तुटपुंजं झालं की आपण कात्री लावतो तीही नेमकी याच तिघांना. म्हणून तुलनेची सुरुवात तिथूनच करतो.

खोलीचं तापमान

प्रोसेसरच्या ज्या चाचण्या आपण यूट्यूबवर बघतो, त्या बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो आणि वरच्या मजल्यावर, एसी नसलेल्या खोलीत दुपारी ३८-४० अंश सहज भरतात. गणित सरळ आहे. वीज तेवढीच खर्च होत असेल, तर खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण १५ अंशांनीच जास्त तापतो. चाचणीत ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर इथे ९०ला पोचतो. एएमडीच्या रायझन ५ ५६००ची मर्यादाच ९० अंश आहे, रायझन ५ ७६००ची ९५ आणि इंटेलच्या आय५-१२४००ची १००. मर्यादा गाठली म्हणून चिप जळत नाही, पण ती स्वतःचा वेग उतरवते. म्हणजे पैसे मोजलेत पूर्ण वेगाचे आणि उन्हाळ्यात मिळतो त्याहून कमी.

यावर दुकानात हमखास सुचवला जातो तो लिक्विड कूलर. ६५ वॉटच्या प्रोसेसरला त्याची गरज नाही. लिक्विड कूलरही शेवटी खोलीचीच हवा वापरतो, त्यामुळे खोलीपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. शिवाय त्यातला पंप हा बिघडणारा आणखी एक भाग. प्रोसेसरच्या डब्यात मिळणारा छोटा कूलर मात्र मे महिन्यात कमी पडतो. उभा टॉवर कूलर, १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचा, हा मधला मार्ग मी बिनदिक्कत सुचवेन. घेण्याआधी त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, तेवढं बघा.

कॅबिनेट निवडताना समोर काच की समोर जाळी, हा खरा निर्णय असतो. काचेचं कॅबिनेट दुकानात उजळून दिसतं, पण पंखे हवा ओढणार कुठून? जाळीच्या कॅबिनेटमध्ये धूळ जास्त शिरते, हे खरं आहे. त्याला उपाय आहे: पुढे काढून धुता येणारं फिल्टर, पुढून हवा घेणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून धूळ ओढली जात नाही. आंधीच्या दिवसांत फिल्टर दर पंधरवड्याला झटकावं लागतं. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना तिथल्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेमुळे ते आणखी लवकर करावं लागेल.

आणि डेझर्ट कूलर. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर खोलीचं तापमान चांगलं उतरवतो आणि त्याचा पीसीला फायदाच होतो. फक्त कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. झोतासोबत बारीक तुषार येतात, बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार येतात, आणि ओलसर धूळ पंख्यांच्या पात्यांवर व हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) चिकटून बसते. टेबल कूलरच्या बाजूला घ्या आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. यात पैसा लागत नाही, आणि प्रोसेसरच्या महागड्या कूलरपेक्षा याचा उपयोग मोठा आहे.

एसएमपीएस: कॅबिनेटसोबतचा की वेगळा

इथे मी दोन बाजू समान मानतच नाही. स्वस्त कॅबिनेटसोबत जो एसएमपीएस येतो, त्यावर लिहिलेल्या वॉटवर विश्वास ठेवू नये. ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाण्याच्या) प्रमाणपत्राचा, पाच वर्षं वॉरंटीचा एसएमपीएस घ्या, आणि त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणावा लागला तर आणा.

कारण पुन्हा उष्णतेचंच. एसएमपीएसची पूर्ण क्षमता कुठल्या तापमानाला मोजली, हे कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. काहींची ४० अंशांना मोजलेली असते, काहींची ५०ला. मे महिन्यात बंद कॅबिनेटच्या आतली हवा ४० अंशांच्या वर असणार, तेव्हा ५०वाला निवडण्यात शहाणपण आहे. आतल्या कॅपॅसिटरचंही तसंच: तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. म्हणून १०५ अंशांचे कॅपॅसिटर असलेला घ्यायचा, ८५चे असलेला नाही.

एएम४, एएम५ आणि एलजीए १७००

मदरबोर्डवरचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, ठरलं की पुढच्या अपग्रेडची वाट ठरते. आज नवख्या माणसासमोर तीन वाटा आहेत: एएमडीची एएम४ आणि एएम५ ही सॉकेटं, आणि इंटेलचं एलजीए १७००.

एएम४ वर रायझनची पहिली पिढी २०१७मध्ये आली आणि २०२५पर्यंत एएमडी त्यासाठी नवे प्रोसेसर काढत होती. आता ती वाट संपत आली आहे. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड आणि डीडीआर४ रॅम ही जोडी अजूनही पैसे वसूल करून देते. दोन गोष्टी इथे फसवतात. ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, पण तो पीसीआयई ३वरच (पीसीआयई म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी बोर्डाला जोडणारा मार्ग, ३ ही त्याची जुनी पिढी) चालतो, बोर्ड कितीही नवा असला तरी. पुढे कार्ड घ्यायचंच असेल तर जी घेऊ नका. बी४५० बोर्डही पीसीआयई ३चाच, आणि ५०००च्या पिढीसाठी त्याचं बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत लागतं. दुकानदाराकडून ते समोर करून घ्या.

एएम५ सप्टेंबर २०२२मध्ये आला. त्यावर फक्त डीडीआर५, म्हणजे पुढच्या पिढीची रॅम, चालते. २०२७ आणि त्यापुढेही हे सॉकेट चालू ठेवू, असं एएमडीने जाहीर केलं आहे. आज ७६०० घ्या आणि चार वर्षांनी बोर्ड न बदलता चांगला प्रोसेसर बसवा, हे इथेच शक्य आहे. ७६००मध्ये छोटं ग्राफिक्सही आहे. गेमसाठी नाही, पण कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तर तेवढ्या दिवसांत परीक्षा अडत नाही. ८५००जी आणि ८६००जी हे दोघं दुकानात शेजारी दिसतील. ८५००जीमध्ये ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआयईच्या चारच लेन (मार्गिका) आहेत, ८६००जीमध्ये आठ. पुढे कार्ड लावणाऱ्याने ८५००जी टाळावा. आणखी एक, एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना रॅमचं ट्रेनिंग होतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, आणि पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. घाबरून स्विच बंद करू नका.

इंटेलचं एलजीए १७०० म्हणजे १२वी, १३वी आणि १४वी पिढी. इंटेलचं पुढचं सॉकेट २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आलं, त्यामुळे ही वाट बंद आहे. शिवाय १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या श्रेणीतल्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिप कायमची बिघडण्याचा दोष २०२४मध्ये समोर आला. इंटेलने मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचना) बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२व्या पिढीला तो दोष नाही.

तरीही एका माणसाला मी आय५-१२४००च सुचवेन: लग्नाचं शूटिंग करून घरीच एडिट करणाऱ्याला. आजचे बरेच कॅमेरे १० बिट ४:२:२ एच.२६५मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती राखून खूप दाबलेल्या व्हिडिओ प्रकारात, चित्रीकरण करतात. ती फाइल टाइमलाइनवर अडखळते, कारण ती उलगडायला हार्डवेअर लागतं. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये ते ११व्या पिढीपासून आहे. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने ते आरटीएक्स ५० मालिकेतच आणलं. १२४००च्या मागे एफ अक्षर असेल तर त्यातलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं, म्हणजे नेमका हाच फायदा जातो. एफ थोडा स्वस्त असतो. इथे ती बचत करू नका.

बाकी सर्वांसाठी, म्हणजे अभियांत्रिकीला गेलेली मुलं, कोडिंग करणारे, गेम खेळणारे, माझं मत एएम५च्या बाजूने आहे, एक अपवाद सोडून. २०२५च्या उत्तरार्धापासून रॅम खूप महागली आहे. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी वळवली गेली. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर क्रुशिअल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत घरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर४च्या दोन चांगल्या काड्या असतील, तर एएम४ला त्या वापरता येतात आणि तुलना उलटते. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. डीडीआर४ची काडी डीडीआर५च्या खाचेत बसत नाही, तेव्हा हा निर्णय बोर्ड घेण्याआधीच करायचा असतो.

बोर्ड कुठलाही घ्या, प्रोसेसरच्या डावीकडच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला योग्य व्होल्टेज देणाऱ्या भागावर) धातूचा हीटसिंक हवाच. सर्वांत स्वस्त एच६१० (इंटेल) आणि ए६२० (एएम५) बोर्डांवर तो बहुधा नसतो, आणि बंद कॅबिनेटमध्ये आधी तापतं ते तिथे.

ग्राफिक्स कार्ड: वॉटकडेही बघा

कार्डाची निवड कामावरून करा. मशीन लर्निंग शिकायचं असेल तर एनव्हिडिया, कारण त्या शाखेतलं बहुतेक साहित्य आणि सॉफ्टवेअर एनव्हिडियाची कुडा ही प्रणाली गृहीत धरूनच लिहिलेलं आहे. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर एएमडी आणि इंटेलच्या कार्डांवरही चालतं, पण तिथेही एनव्हिडियाचं ऑप्टिक्स हे रेंडरिंगचं तंत्र पुढे आहे. नुसते गेम असतील तर एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीचं, जास्त काळ पुरेल. ८ जीबीची मेमरी आजच्या मोठ्या गेममध्ये भरून जाते. मग कार्डाला पीसीआयईवरून साध्या रॅमकडे धावावं लागतं आणि पीसीआयई ३च्या बोर्डावर ते फार जाणवतं. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरी देतं, पण बायॉसमध्ये रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू लागतो आणि जुन्या प्रोसेसरसोबत ते मंदावतं. एएम४ घेणाऱ्याने ते सोडून द्यावं.

आता वॉट. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ११५ वॉट घेतं, ५०६० १४५, ९०६० एक्सटी साधारण १६०, बी५८० १९०. ही सगळी वीज उष्णता होऊन तुमच्याच खोलीत उतरते. आठ बाय दहाच्या खोलीत कूलर लावून बसणाऱ्याला ११५ आणि १९०मधला फरक अंगावर कळतो. बजेट अगदीच कमी असेल तर आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं कार्ड ७० वॉटमध्ये भागवतं. याच नावाचं ८ जीबीचं कार्ड वेगळं आणि जास्त ताकदीचं आहे. नाव एकच म्हणून किंमत एकच देऊ नका.

एसएसडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, पीसीआयई ३ची एनव्हीएमई ३५०० आणि पीसीआयई ४ची ७०००पर्यंत. पहिल्यापासून दुसरीवर जाणं सार्थ आहे, दुसरीपासून तिसरीवरचा फरक रोजच्या वापरात क्वचितच कळतो. रॅम मात्र एका मोठ्या काडीऐवजी दोन सारख्या काड्यांत घ्या, ड्युअल चॅनेल (दोन मार्गांनी एकाच वेळी काम) त्यामुळेच मिळतं, आणि बायॉसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सोय, चालू करा. नाहीतर ६०००ची रॅम ४८००वरच चालत राहील.

यूपीएस की घरचा इन्व्हर्टर

जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते-येते, तेव्हा हा प्रश्न सुचून उपयोग नाही. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. कार्डाशिवायच्या पीसीला तो पुरतो. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर धरून गेम चालू असताना तो काठावर येतो, म्हणून तिथे १००० व्हीएच्या पुढचा घ्या. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) असतो, आणि पायऱ्या-पायऱ्यांची लहर देणाऱ्या स्वस्त यूपीएसवर काही एसएमपीएस वीज जाताच बंद पडतात. घेण्याआधी लोड लावून, प्लग काढून बघायला सांगा.

घरी शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस न घेताही चालतं, पण त्याचा स्विच यूपीएस मोडवर हवा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला जो वेळ लागतो, तेवढा एसएमपीएस तग धरत नाही. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर पीसी लावू नका. आणि भाड्याच्या घरात प्लगचं अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते नाही.

बर्डी की ऑनलाइन

ऑनलाइन भाव पुष्कळदा कमी असतो. तरी मदरबोर्ड, एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड मी बर्डीतून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, घ्यायला सांगेन, कारण बिघडतात आणि वॉरंटीला जातात ते जास्त करून हेच. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: या ब्रँडचा माल नागपुरातच स्वीकारला जातो की मुंबईला पाठवावा लागतो? दोन ब्रँडमध्ये घुटमळत असाल तर या उत्तरावर निवडा. एसएसडी, रॅम, पंखे, टॉवर कूलर या गोष्टी ऑनलाइन घ्यायला हरकत नाही.

बिल पक्कं घ्या, १८ टक्के जीएसटीसह, आणि प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर त्यावर लिहून घ्या. कच्च्या बिलावर सुटणारे पैसे वॉरंटीच्या वेळी अंगाशी येतात. स्टुडिओ किंवा व्यवसाय असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक टाकायला सांगा. आयात केलेलं, भारतीय वॉरंटी नसलेलं कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी नको. ऑनलाइन मागवलेले भाग मात्र बाकीचं सामान येण्याची वाट बघत खोक्यात ठेवू नका. परत करण्याची मुदत आठवड्याभरात संपते आणि बोर्ड त्यानंतर आला, तर खराब रॅमची काडी तुमच्याच गळ्यात पडते. बोर्ड आणि प्रोसेसर आधी, बाकीचं त्याच आठवड्यात, असा क्रम ठेवा.